घरची साक्ष

बायको गेल्यापासून चर्चच्या मंडळीतले लोक येतात, बाजेवर बसतात, वचन वाचतात, प्रार्थना करतात आणि जातात. चांगले लोक आहेत. पण ती कशी होती, हे कोणी विचारत नाही. म्हणून मीच सांगतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आम्ही सिंदी मेघेला राहत होतो. मी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलायचो. शाळा दुसरीपर्यंत, वाचायचं तर ओळीखाली बोट ठेवून. पण आवाज दणदणीत होता, आणि मनात एकच होतं, सुवार्तेच्या दौऱ्यावर जायचं. नाताळ झाला की आमच्या मंडळीतले चार-पाच जण बैलगाडीनं आर्वीकडे निघत. गावोगावी मुक्काम, भजनं, प्रभूची गोष्ट, आणि शेवटी आष्टीचा बाजार. जाऊन आलेल्याला मंडळीत मान मिळे. खोटं काऊन बोलू, मला तो मानही पाहिजे होता.

आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हातारे आणि कडक. असंच कोणाला गाडीत बसवत नसत. नाताळाआधी तयारी चाले. पहाटे देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गुडघ्यावर बसायचं, शुक्रवारी उपास धरायचा, ज्याच्याशी भांडण असेल त्याच्या दारात जाऊन ते मिटवायचं. आणि सगळ्यात शेवटी घरची साक्ष. पाळक घरी येत आणि नवऱ्याच्या देखत बायकोला विचारत, "याला पाठवू का?" लग्न न झालेल्याच्या आईला विचारत. ती हो म्हणाली तर गाडीत, नाही म्हणाली तर घरी.

मला कशाची धास्ती? उपास सगळे धरले होते. घरी प्रार्थना तर एवढ्या मोठ्यानं करायचो की शेजारचा गाडीवान भिंतीपलीकडून खोकून दाखवायचा.

पाळक आले तेव्हा ती ओसरीवर ज्वारी पाखडत होती. तिनं त्यांना पाणी दिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "नका नेऊ."

"काऊन?" मी ओरडलोच.

"पाहा, पाळकसाहेब. हे बोलतेत चांगले. पण आयकत नाईत कोणाचं. मी एक गोष्ट सांगाले लागली, की अर्ध्यातूनच उत्तर देऊन मोकळे. तिथल्या लोकायचंबी असंच करतीन."

मला वाटलं पाळक हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन." मला म्हणाले, "आणि तू. वर्षभर पहाटेच्या प्रार्थनेत तोंड उघडायचं नाही. नुसतं बस."

गाडी गेली. जिनातले सोबती म्हणायचे, "काय उपदेशक, घरच्याच परीक्षेत नापास?" मी रागानं तिच्याशी बोलणं टाकलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तरी मले बोलू द्या."

आणि बोलली. रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता. तिचं माहेर रोहण्याचं. तिथली विहीर, तिची मेलेली बहीण, नदीत वाहून गेलेली शेळी. मी चुलीपुढं बसून ऐकायचं. मध्ये तोंड उघडलं की उलथनं उगारायची, "झालं का माह्यं? नाई ना?" उपास सोपा होता. हे जड गेलं. देवळातही तसंच. आधी गप्प बसलो तरी डोक्यात माझीच बडबड चाले. पुढं बाजूच्यांच्या प्रार्थना ऐकू यायला लागल्या. एखाद्या पहाटे कोणीच बोलत नसे, तेही बरं वाटायला लागलं.

त्या पावसाळ्यात गाडीवानाचा बैल साप चावून मेला. मी गेलो. वचन जिभेवर तयार होतं. तो रिकाम्या जुवावर हात ठेवून बसला होता. मी काही म्हणायच्या आत त्यानंच सुरू केलं. बैल रेल्वेच्या फाटकापाशी न सांगता कसा थांबायचा, गूळ कसा हुंगायचा. मध्येच हसला, मग रडला. मी बसून राहिलो. दिवेलागण झाली. उठलो तेव्हा तो म्हणाला, "पुन्हा येजो, भाऊ."

घरी येताना मी हळहळत होतो. एवढी संधी आली आणि प्रभूचं नावही घेतलं नाही. भिंत एकच होती, बायकोनं सगळं ऐकलं असणार. तिनं ताट वाढलं.

नाताळ जवळ आला. पाळक आले, ओसरीवर बसले. "बाई, याला पाठवू का?"

मी जमिनीकडं पाहत होतो. ती मग म्हणाली, "न्या. पण लवकर आणून सोडा. मले आता सवय झाली. मी सांगू कोणाले?"

पाळकांनी प्रार्थना केली. हात आधी तिच्या डोक्यावर ठेवला, मग माझ्या.

गाडी निघाली तेव्हा तिनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी विचारलं, "आष्टीच्या बाजारातून काय आणू? लुगडं?"

"लुगडं नको. कोण काय बोललं ते सारं आणजा."

आणलं. सांगायला बऱ्याच संध्याकाळी लागल्या. ती ऐकत राहिली, मध्ये एकदाही बोलली नाही.