रस्त्यापलीकडचं पिंप

विंझरच्या पुढं, वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडं आमची खानावळ होती आणि पलीकडं माझ्या थोरल्या जावेची. आधी दोन्ही मिळून एकच होती. वाटण्या झाल्या तेव्हा अलीकडची जागा आम्हाला आली, पलीकडची थोरल्या दिरांना. दोन्हीकडं मिळायचं तेच: पिठलं-भाकरी, अंड्याची पोळी, आधी सांगून ठेवलं तर कोंबडी. किल्ल्यांवर जाणारी पुण्याची पोरं सुट्टीच्या दिवशी यायची आणि जिथं बाकडं रिकामं दिसेल तिथं बसायची. त्यामुळं आम्हा जावा-जावांत फार गोडी नसली तरी भांडणही नव्हतं.

मोबाईल नुकते दिसायला लागले होते, त्या सुमारास हे बदललं. जावेचा भाऊ बोटीवर स्वयंपाकी होता. तो सुट्टीला आला आणि त्यानं बहिणीला एक पिंप करून दिलं. गोडेतेलाचं रिकामं पत्र्याचं पिंप, उभं ठेवलेलं. तळाशी निखाऱ्याची जाळी, वर आडव्या सळया. सळयांना मसाला लावलेल्या कोंबड्या टांगायच्या, निखाऱ्यावर जांभळाच्या लाकडाचे तुकडे टाकायचे, झाकण लावायचं आणि धुराच्या गरमीवर सगळं सावकाश शिजू द्यायचं. चुलीच्या वर दोरीला मटणाच्या पट्ट्या टांगून त्यांना धूर द्यायची पद्धत आमच्याकडं जुनीच, पण त्या वाळून कडक व्हायच्या. ही कोंबडी मऊसूत, हात लागला की हाडापासून सुटायची.

दोन-तीन रविवारांत गाड्या पलीकडं लागायला लागल्या. दुपारी वारा तिकडून आमच्याकडं वाहायचा, आणि आमच्या बाकड्यावर पिठलं खात बसलेली माणसं मान वळवून विचारायची, "काकू, हा वास कुठनं येतोय?" मी म्हणायची, "कुणीतरी पालापाचोळा जाळतंय." एकदा तर मी चुलीवर मुद्दाम सुक्या मिरच्या भाजल्या, म्हणजे तो वास तरी मरेल. वारा पलीकडून असल्यामुळं ठसका लागला तो माझ्याच गिऱ्हाइकांना. ती उठून रस्ता ओलांडून गेली.

हे सगळं सोसलं असतं. पण एका संध्याकाळी आमचे हे घरी आले आणि त्यांच्या सदऱ्याला जांभळाच्या धुराचा वास होता. कागदात गुंडाळलेली एक तंगडी त्यांनी माझ्यापुढं ठेवली.

"खाऊन तर बग. वैनींच्या हाताला लई चव हाय."

"कुत्र्याला घाला," मी म्हणाले.

ते हातपाय धुवायला गेले तेव्हा मी चुलीकडं तोंड करून ती तंगडी खाल्ली. चांगली होती. वाईट असती तर मला बरं वाटलं असतं. त्या रात्री माझ्या पोटात जे दुखत होतं ते कोंबडीनं नव्हे.

मला पिंप पाहिजेच होतं. माझं माहेर भोंगवलीचं. आमच्या माहेरच्या घराचं लोखंडी फाटक ज्यांनी केलं त्या चाचांचं भोरला एसटी स्टँडच्या मागं वेल्डिंगचं दुकान होतं. नसरापूरला गाडी बदलून मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी हायवेच्या एका ढाब्याला असलं काम करून दिलं होतं, त्यामुळं मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

"तुज्या जावेचं कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"उभं. एका पिंपाचं."

"मंग तसंच घे की, पोरी. पयल्यांदा करतीयास, तर उभंच बरं. इस्तू थोडा लागतो. खालचं हवेचं भोक निम्मं झाकलं की गरमी जागच्या जागी राहती. हात बसला की मोठं कर."

"आणि दुसरं कसलं असतं?"

त्यांनी खडूनं फरशीवर काढून दाखवलं. एक पत्र्याचं कपाट, आत जाळीचे कप्पे. आणि एक आडवं: दोन पिंपं लांबीला जोडायची, पायांवर उभी करायची, एका टोकाला विस्तवाची वेगळी पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. विस्तव पेटीत राहतो आणि त्याचा धूर नि गरमी पिंपातून फिरून धुराड्यातून निघून जाते.

"पर ह्ये हाटेलवाल्यांचं काम," चाचा म्हणाले. "लाकूड लई खातं. पेटीकडंला येक गरमी, लांब दुसरीच. नवख्या माणसाचं न्हाई ह्ये."

मला त्यातला एकच शब्द ऐकू आला, हाटेलवाल्यांचं.

"ह्येच करा," मी म्हणाले. "तिच्यासारखं नको. लोक म्हनतील, जावेचं बगून केलं."

"मंग कुनाचं बगून करतीयास?" चाचा हसले. पण करून दिलं.

टेम्पोतून ते धूड उतरवलं तेव्हा वस्तीवरची सगळी माणसं जमली होती. काळा रंग दिलेलं, म्हशीएवढं लांब, धुराडं वर काढून उभं राहिलेलं. पलीकडं जाऊ पिठाच्या हातांनी ओट्यावर आली आणि बघत राहिली. तिचा चेहरा पडलेला मी डोळे भरून पाहिला. लग्नाच्या मांडवातसुद्धा मला इतकं सुख झालं नव्हतं.

ते सुख रविवारपर्यंत टिकलं. धूर जितका जास्त तितकी चव जास्त, असं मला वाटत होतं, म्हणून मी पेटीत ओली लाकडं घातली. दाट पांढरा धूर रस्ताभर पसरला. कोंबड्या झाल्या का ते बघायला मी सारखं झाकण उघडत होते, आणि दर वेळी आतली गरमी निघून जात होती. शेवटी बाहेर काढल्या तेव्हा पेटीजवळच्या कोंबड्यांचा कोळसा झाला होता आणि धुराड्याजवळच्या हाडापाशी लालच होत्या. मधल्या जरा बऱ्या दिसल्या त्या वाढल्या. चष्मा लावलेल्या एका पोरानं दोन घास घेतले आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, थोडी कडू लागतीये हो."

पुढचे रविवारही तसेच गेले. करपलेलं, कच्चं जे उरेल ते आमचे हे मुकाट्यानं खायचे. एकदा मात्र घास खाली ठेवून म्हणाले, "वैनींना इचारून बगतीस का?"

मी ताट उचललं आणि आत गेले. जावेला विचारण्यापेक्षा ते धूड कापून निम्मं करून आणलेलं बरं, असं ठरवून मी पुन्हा भोरला गेले.

चाचांनी माझं ऐकून घेतलं, हातातली सळई खाली ठेवली आणि हसायलाच लागले.

"परवा तुजी जाऊ आलती. तुज्यावानी आडवं पायजे म्हनली. तुज्यापेक्षा हातभर लांब."

"का?" मला खरंच कळेना. "तिचं तर चांगलं चाललंय."

"म्हनली, धाकटीच्या दारात येवडं दांडगं हुबं हाय, त्याच्यापुढं माजं डब्यासारखं दिसतंय." मग त्यांनी हात झटकले. "म्या अजून पत्रा कापला न्हाई. दोगी मिळून रस्ता वलांडा आन बदलून घ्या. मला कशाला मदी घालताय?"

परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसून एकटीच हसत होते. इतके दिवस मी एकटीच जळतेय असं मला वाटत होतं. तिचाही जीव जळत होता, आणि तो माझ्या वस्तूवरून. त्या विचारानं मला कसं गार वाटलं.

पण सरळ जाऊन बोलायचं कसं? दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन रस्ता ओलांडला.

"अक्का, इरजण हाय का?"

तिनं विरजण दिलं. मी तिच्या पिंपापाशी रेंगाळले.

"ह्ये बरं हाय तुमचं. सुटसुटीत हाय."

"कसलं बरं? लहान पडतंय," ती माझ्या ओट्याकडं बघत म्हणाली. "तुजं दांडगं हाय."

"हाय खरं. पर मला येकटीला न्हाई झेपत."

मग "बदलायचं का?" असं आमच्यातलं कुणीतरी म्हणालं. आधी कोण म्हणालं यावर आमचं अजूनही एकमत नाही.

आम्ही दोघींनी दोघा भावांनाच कामाला लावलं. भर दुपारी रस्त्यात एकीकडून आडवं पिंप, दुसरीकडून उभं, आणि मध्ये वेल्ह्याची एसटी येऊन थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, माणसं खिडक्यांतून डोकी काढून विचारत होती, काय चाललंय. जाऊ पुढं होऊन हात करून गाडीला थांबवत होती. मी माझ्या दारात उभी राहून येणारं पिंप बघत होते.

ते जागेवर ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "सारकं सारकं झाकण उगडू नगं गं."

तिनं ते सांगावं याचाच मला राग आला. पण मी ऐकलं. वाळलेलं जांभूळ आणलं, खालचं भोक निम्मं झाकलं आणि झाकणाकडं पाठ करून भाकरी थापत बसले. वरच्या भोकातून बारीक, निळसर धूर येत राहिला. त्या दिवशीची कोंबडी ह्यांनी हाडं चोखत खाल्ली. वहिनींचं नाव निघालं नाही.

मग मी जावेची कोंबडी करपायची वाट बघू लागले. पहिल्या रविवारी करपलीही. वाऱ्याबरोबर वास आला आणि मी गुणगुणत भांडी घासली. पण तिचा हात आधीच बसलेला होता. ती मध्येच कोंबड्यांच्या जागा बदलायला शिकली. हळदीच्या, जत्रेच्या जेवणाच्या ऑर्डरी घेऊ लागली. दोन पावसाळे गेले आणि थोरल्या दिरांनी कापूरहोळजवळ, हायवेला जागा घेतली. ते धूड पुन्हा टेम्पोत चढलं.

आता या रस्त्यावर धुरातली कोंबडी माझ्याकडंच मिळायची. धंदा वाढला. पलीकडं कुलूप होतं, तरी दुपारी माझी नजर तिकडं जायचीच.

एका रविवारी पुण्याचं एक जोडपं आलं. त्यांनी पानशेतकडं जमीन घेतली होती आणि शेतावर ठेवायला असंच एखादं पिंप त्यांना पाहिजे होतं. पहिल्यांदाच घेतोय, कुठलं घेऊ, असं त्या बाईनं विचारलं.

"हे उभंच घ्या," मी म्हणाले. "सोपं पडतं."

"पण हायवेला एक मोठं आडवं बघितलं आम्ही," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली. "काय रुबाब आहे त्याचा! आम्हाला तसंच पाहिजे."

मी भोरचं दुकान कुठं आहे ते सांगितलं. मग राहवलं नाही.

"गर्दी होती का तिथं?"

"बसायला जागा नव्हती."

मी आत गेले, पिंपाचं झाकण काढलं, आतली सगळ्यात चांगली तंगडी उचलली आणि न मागता त्यांच्या ताटात वाढली. आणि ती खाऊन बाई काय म्हणते ते ऐकायला तिथंच उभी राहिले.