नवरदेव रुसला नव्हता

वडिलांच्या तरुणपणची, गोल नाकाची मोटार मी दोन वर्षं खपून उभी केली आणि पुतण्याच्या लग्नात नवरदेव हिच्यातूनच जाईल, असं घरात कोणाला न विचारता जाहीर करून टाकलं. जुने पार्ट आता मिळत नाहीत. म्हणून दारांची रबरं आणि आतली हँडलं नव्यानं बनवलेली मागवली. "हुबेहूब जुन्यासारखी," दुकानदार फोनवर म्हणाला होता. रबर जाड निघालं, शिवाय कमीही पडलं. माझ्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या, बाजूच्या दाराला जुनंच राहिलं. मागची दारं ढुशी मारूनच लागत. "धुळीचा कण आत येनार नाही," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो.

अड्याळला मुलीच्या मांडवापुढे वरात थांबली तेव्हा वैशाखाच्या उन्हानं रबर आणखीच फुगलं होतं. आमच्याकडे नवरीचा भाऊ दार उघडून नवरदेवाला उतरवतो. नवरदेवाला काही हवं असलं, की तो आतून दार धरून रुसून बसतो. आम्ही तर लग्नाची बोलणी करतानाच सांगितलं होतं, आम्हाले काही नको. मुलीच्या वडिलांनी ते गावभर कौतुकानं सांगितलं होतं.

भावानं दार ओढलं. उघडेना. पुतण्यानं आतून हँडल फिरवलं, ते मुळासकट त्याच्या हातात आलं. काच खाली करायचं हँडल तर शहापूरहून निघतानाच गळून पडलं होतं. बिचारा काचेआडून 'नाही, नाही' अशी मान हलवू लागला. बाहेर बँड जोरात.

"रुसला वाटते," नवरीची मावशी म्हणाली.

व्याह्यांनी घड्याळ कबूल केलं. आत मान हलली. अंगठी. मान हलली.

"मंग काय, मोटारसायकल पाह्यजे का, जावाईबापू?" त्यांचा आवाज पार बसला होता.

"काही नको म्हनत होते ना हे लोक," मागून कोणीतरी बोललं.

मी गाडी थांबवून बँडवाल्यांकडे गेलो होतो, तो तेवढ्यात गर्दीतून कसाबसा व्याह्यांपर्यंत पोचलो. "इवाई, पोरगा रुसला नाही. अटकला हाये."

"काहून?"

"म्या रबर बदलवलं."

त्यांनी पुढच्या दाराकडे बोट केलं. "तुमचं दार तं उघडते ना? मंग तिकडून काढा त्याले."

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. पुतण्या पुढच्या सीटवरून, आधी पाय, मग शेरवानी, शेवटी फेटा, असा हप्त्याहप्त्यानं बाहेर आला. मुठीत हँडल तसंच. व्याह्यांनी ते घेऊन दोन बोटांनी दाबलं, तर ते वाकलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग ते हँडल उंच धरून मांडवात शिरले आणि पाहुण्यांना एकेक करून दाखवत सुटले. "त्याईचं मागनं काहीच नव्हतं. हे पाहा, हे तुटलं होतं." मावशीला दोनदा दाखवलं.

घराची अब्रू वाचली. जेवताना मात्र प्रत्येक पंगतीतून कोणी ना कोणी विचारत होतं, "भाऊ, ते तुम्हीच मागवलं होतं का?" आणि मी पानातल्या भाताकडे पाहत 'हो' म्हणत होतो.