ताईची पट्टी

लोणावळ्यात ताई मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. गाण्याआधी ती शब्द पक्के करून घेई. सा म्हणजे गळ्याचा मुक्काम. पेटीवर तो जिथं धराल ती तुमची पट्टी. सा आणि प एकदम वाजले तरी एकमेकांना ढकलत नाहीत, तो संवाद. "पट्टी बदलते, स्वरांमधली अंतरं बदलत नाहीत," हे तर मुलींनी झोपेतही म्हटलं असतं. तिची स्वतःची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या बटणावरचा सा.

आजारपणात तिचा आवाज खाली आला. शाळा सोडण्यापूर्वी मुलींसमोर एक भजन पुरं म्हणायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पेटीच्या साथीला मी, तिची धाकटी बहीण. सरावात वरचा सा लागला नाही, की ती भिंतीकडे बघत बसे. मला ते बघवेना. एका सकाळी मी न सांगता एक पायरी खाली, पांढरी पाच धरली. चार दिवसांनी आणखी खाली, काळी तीन. ती गायली आणि मी मनात सुखावले.

आणखी चार दिवसांनी कुसगावची दूधवाली मावशी दारात टेकली होती. म्हणाली, "ताई, आज लय खालनं गाताय व्हय?"

"मी कसली जातेय खाली! ही नेतेय मला," ताई हसली. "आठ दिवस झाले."

मी गोरीमोरी झाले. "मग बोलली का नाहीस?"

"तुला बरं वाटत होतं ना. वाटू दिलं."

जिनं साऱ्या शाळेला सा ओळखायला शिकवलं, तिच्यापासूनच मी सा लपवू पाहत होते.

निरोपाच्या दिवशी मुली सतरंजीवर बसल्या. मी काळी तीन धरली. ताई सगळ्यांदेखत म्हणाली, "आणखी एक उतर." मी उतरले. दोन कडवी तिनं म्हटली. तिसऱ्याला श्वास पुरेना, तेव्हा हातानंच मुलींना म्हणायला सांगून ती नुसता सा धरून बसली. मुलींचे आवाज वर चढत-उतरत राहिले. खाली तिचा सा बारीक होता, मध्येच तुटत होता, पण जागचा हलला नाही.

मुली गेल्यावर तिनं विचारलं, "झालं ना गं पुरं?"

"झालं," मी म्हणाले.

त्यानंतर ती पंधरा दिवस होती. पेटी तिनं पुन्हा मागितली नाही.