मोहाच्या दिवसांतले शंभर टक्के

शाळेच्या सुधारणा आराखड्यात मी मार्च-एप्रिलची हजेरी शंभर टक्के राहील असं लिहून दिलं, आणि लिहिण्याआधी गावात कुणालाही विचारलं नाही.

जूनमध्ये कुरखेड्याला प्रशिक्षण होतं. आमचे केंद्रप्रमुख साहेब फळ्यापाशी उभे होते. "मुलांची प्रगती होईल, असलं काही लिहून आणू नका," त्यांनी सकाळीच बजावलं. ध्येय म्हणजे कोण, काय, किती आणि कधी. उद्या परका माणूस शाळेत आला तरी त्याला ते मोजता आलं पाहिजे. शेजारचे सगळे पेन चावत बसले. मला मात्र चेव आला. मी वरोऱ्याकडचा, या गावात रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. आमच्याकडे कापूस फुटला की वर्ग ओस पडतात हे मला पक्कं माहीत, कारण ते ओस पाडण्यात लहानपणी माझाही हात होता. इथे कापूस नाही, धान. रोवणा पावसाळ्यात, कापणी दिवाळीच्या मागेपुढे. म्हणजे मार्च-एप्रिल रिकामे. मी तेच महिने धरले आणि लिहिलं, 'मार्च व एप्रिल महिन्यांत शाळेतील प्रत्येकाची सकाळी सात वाजता शंभर टक्के उपस्थिती राहील.'

साहेबांनी मला उभं करून ते दोनदा वाचायला लावलं. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी दोघातिघांनी ते उतरवूनही घेतलं. त्यांचं पुढे काय झालं ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

आराखड्यावर शाळा समितीच्या अध्यक्षांची सही लागते. अध्यक्ष म्हणजे चौथीतल्या एका मुलीची आई. बाईंनी कागद उन्हात धरून सावकाश वाचला आणि म्हणाल्या, "मोहाच्या दिवसात कसं जमन जी, गुरुजी?"

मी प्रशिक्षणातून ताजा ताजा आलेलो. मोह म्हणजे मला माणसाच्या मनातला मोहच दिसला. मी म्हणालो, "बाई, मोह तर टाळायचाच असतो. आपण मोठ्यांनी टाळला की मुलं आपोआप टाळतात."

बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं. "बरं," म्हणाल्या, आणि सही केली.

मग मी ते वाक्य निळ्या ऑइलपेंटनं शाळेच्या दाराशेजारी भिंतीवर रंगवलं. अक्षर माझं चांगलं आहे. तेवढंच.

मार्चमध्ये शाळा सकाळची झाली आणि पहिल्या आठवड्यातच एके दिवशी सात वाजता मी एकटा बसलो होतो. अकरा मुलांच्या शाळेत शिक्षकाची दुसरी जागा रिकामी, त्यामुळे घंटा मीच दिली आणि मीच ऐकली. साडेसातला उठून गावात गेलो. गावही रिकामं. शेवटी जंगलाच्या कडेला सगळे सापडले. प्रत्येक घराचं आपलं मोहाचं झाड, झाडाखालचा पालापाचोळा जाळून साफ केलेला, आणि त्या काळ्या जमिनीवर रात्रभर टपटपलेली पिवळी फुलं. आईबाप, म्हाताऱ्या, माझा अख्खा हजेरीपट खाली वाकून वेचत होता. ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर फूल सुकतं, नाहीतर गुरं खाऊन जातात. घराचं पुढचं कितीतरी मीठतेल त्यातून येतं.

अध्यक्ष बाईंनी मान वर केली. "या गुरुजी. हा आमचा मोह. हा कसा टाळाचा ते सांगा."

त्याच दिवशी साहेबांना फोन केला. सातच्या जागी दहा करता येईल का, निदान मार्च-एप्रिलच्या जागी जुलै?

"सर, एकदा ऑनलाइन भरलेला आराखडा पुन्हा उघडत नाही," ते म्हणाले. "आणि तुमचं तर मी सगळीकडं उदाहरण देऊन राह्यलो. एप्रिलमध्ये मोजायला येतो. कमी भरलं तर त्याच हॉलमध्ये उभं राहून खुलासा वाचावा लागेल तुम्हाला."

ज्या हॉलमध्ये टाळ्या घेतल्या, तिथेच खुलासा. त्या रात्रीपासून भिंतीवरचं वाक्य मला पाठीमागूनही दिसू लागलं. पुसावं तर रंग पक्का, मीच दोन हात मारलेले. हजेरी खोटी मांडावी असंही मनात आलं. पण हजेरी मांडली की तेवढ्या मुलांची खिचडी शिजल्याचं दाखवावं लागतं, आणि कागदावरची पोरं खिचडी खात नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हणालो, "तुमच्या मुलीच्या वाटचं मी वेचतो. तिला शाळेत पाठवा."

"तुमी वेचसान?" बाई हसल्या. "वेचा मंग. पोट्टी जाईन शाळेत."

ही माझी दुसरी चूक. गावात बातमी लपत नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचं घर म्हणालं, आमच्या झाडाखाली काऊन नाई येत? दहा दिवसांत अकरा मुलांच्या सातही घरांची झाडं माझ्याकडे लागली. मी पाचला उठून कंबर मोडून वेचायचो. अकराच्या अकरा मुलं सातला शाळेत पोचायची, आणि मी मात्र चौथ्या नाहीतर पाचव्या झाडाखाली असायचो. एक झाड सोडलं तर त्या घरचं मूल परत जंगलात. सगळी धरली तर आठ वाजतात. यातून सुटायची वाट शोधत मी रोज तेवढंच वाकत होतो. शाळेत बाईंची मुलगी प्रार्थना घ्यायची, पाढे म्हणवून घ्यायची. माझ्यापेक्षा तिचा धाक जास्त होता, हे मला पुढे कळलं.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी डोक्यावर टोपली घेऊन, मोहाच्या वासानं घमघमत आठच्या सुमारास शाळेत शिरलो. माझ्या खुर्चीवर साहेब बसले होते. सातपासून.

मागोमाग बाई आल्या. टोपली त्यांचीच होती.

साहेबांनी मुलं मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकरा. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग ते उठून दाराबाहेर गेले आणि भिंतीवरचं वाक्य बोट लावून वाचू लागले. 'प्रत्येकाची' या शब्दावर बोट थांबलं.

"सर, शाळेतील प्रत्येकाची म्हणजे बाराजण धरायचे ना?"

शब्द माझा, अक्षर माझं, रंगही माझाच.

"सात वाजता अकरा हजर," साहेबांनी वहीत लिहिलं. "एक गैरहजर. खुलासा तयार ठेवा."

मी मदतीच्या आशेनं बाईंकडे पाहिलं. त्यांचं लक्ष टोपलीत होतं. हात घालून त्या चाळवत होत्या. फुलं कमी, वाळका पाला आणि काड्या जास्त.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुमाले नुसतं मोजता येते जी. वेचता नाई येत."