कागदावरचा गोठा

"वहिनी, रविवारी दुसरी पार्टी येतेय. शनिवारी संध्याकाळी खोली मोकळी पायजे," भूपेश उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला. चार महिन्यांचं भाडं थकलं होतं आणि डिपॉझिट त्यात कधीच संपलं होतं. अंबिकाने मान हलवली. तो गेल्यावर ती पुन्हा खाली बसली आणि पेनांना टोपणं लावायला लागली.  तीन टोपणं उलटी बसली, ती तिने दाताने ओढून काढली.

१९९४ सालचा फेब्रुवारी होता. वार सोमवार.

लालबागच्या सासरच्या खोलीत तीन भावांचे संसार मावेनात, म्हणून अंबिका आणि पंढरीनाथ पाच वर्षांपूर्वी मीरा रोडला आले. तिथे हाटकेश भागात भूपेशच्या चार पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातली शेवटची यांना मिळाली. पंढरीनाथ मस्जिद बंदरला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कारकून होता. दिवाळीआधी त्याला उठता-बसता येईना. मणक्याचा टीबी निघाला आणि सरकारी इस्पितळात त्याला प्लास्टरमध्ये आडवं ठेवलं. दुसऱ्या महिन्यापासून ऑफिसने पगार थांबवला. अंबिका जवळच्या गाळ्यातून पेनांचं काम घरी आणायला लागली. त्यात तिचं आणि सात वर्षांच्या पिंकीचं जेवण निघायचं, भाडं निघत नव्हतं.

अंबिका कोणाकडे काही न मागणारी बाई होती. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायची वेळ आली तर ती बिनसाखरेचा चहा प्यायची. पण सोमवारी तिने पिंकीकडे पाहिलं आणि ठरवलं, आता मागायचं.

मंगळवारी सकाळी ती भाईंदरला नगरपालिकेत गेली. कारकुनाने अर्ज अर्धाच वाचला.

"आग लागली? घर पडलं?"

"नाही. नवरा आजारी आहे. भाडं थकलंय."

"मग आपल्याकडे त्याला खातं नाही. भाडं म्हणजे मालक आणि तुम्ही. पुढचे कोण?"

पुढचा माणूस तिच्या खांद्यावरून कागद सरकवायला लागला. अंबिका बाजूला झाली, पण बाहेर न जाता भिंतीशी उभी राहिली. घरपट्टीच्या खिडकीतली चंपा नावाची बाई तिच्याकडे बघत होती. तिने खुणेने बोलावलं.

"पश्चिमेला कापडवाल्यांचा ट्रस्ट आहे. दुखण्यातल्या घरांना एकदाच मदत करतात. हेमालीबेनला भेटा. रडू नका तिथे, तिला आवडत नाही. कागद दाखवा."

हेमालीबेन साठीची होती आणि चष्मा नाकावर आणून बोलायची. तिने इस्पितळाचा कागद आणि रेशनकार्ड उलटसुलट करून पाहिलं. "केस सही छे. पण आम्ही कॅश देत नाय. चेक सीधा मालकला. मालकचा लेटर पाहिजे, इतना भाडा बाकी है, मिळाला तर खाली नाय करणार. शनिवारी अकरा ते एक. त्याच्या नंतर पुढच्या महिन्यात."

परतीच्या बसमध्ये अंबिकाला पहिल्यांदाच धड श्वास घेता आला. भूपेशला पैसेच हवे होते ना? ते मिळणार होते.

भूपेशने मात्र ऐकताच हात झटकला. "लिहून देऊ? वेड लागलंय काय वहिनी? पालिकेत या चार खोल्या गुरांचा गोठा म्हणून लागल्यात. उद्या तुमचा कागद फिरत फिरत तिथं गेला, तर घरपट्टी कितीवर जाईल ठाऊक हाय?"

"भाऊ, चार महिन्यांचं सगळं मिळेल."

"नवी पार्टी जास्ती देतेय. ॲडव्हान्स पण घेतलाय मी. विषय संपला."

बुधवार गेला. गुरुवारी अंबिकाने इस्पितळात पंढरीनाथला यातलं काहीच सांगितलं नाही. तो विचारत राहिला, "भूपेश काही बोलला का?" ती म्हणाली, "त्यांना कुठे वेळ आहे." घरी येऊन तिने भांडी पोत्यात भरायला घेतली. पिंकीने विचारलं, "आपण कुठे जाणार?" अंबिकाने पोत्याचं तोंड बांधलं. लालबागला आता चटई टाकायलाही जागा नव्हती.

शुक्रवारी दुपारी ती मागच्या घराकडे गेली. तिथे भूपेशची आई द्वारका राहायची. पूर्वी भातशेती आणि मिठागरात राबलेली, उंच, आवाजाने कडक. पाण्यावरून दोघींचं एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं, तेव्हापासून बोलणं नव्हतं. द्वारका अंगणात सुकवलेली करंदी, बारीक कोळंबी, पाखडत होती.

"काकी, एक विचारायचं होतं. जागेचा कागद कोणाच्या नावावर आहे?"

सूप थांबलं. "कनाला? तुला काय कराचाय?"

अंबिकाने सगळं सांगितलं. रडली नाही. ट्रस्ट, चेक, पत्र, शनिवार. द्वारका खाली बघून ऐकत होती.

"चेक कोनाचे नावान येल?"

"मालकाच्या."

"मालक मी हाय. माझा म्हातारा, बाळाराम, गेला तवापासून कागद माझे नावान हायत."  "पन भाड्याचा एक रुपाया माझे हातान कधी आला न्हाय. पोरगा आनतो, पोरगा खर्चतो. मना औषदाला पन त्याचेकडं मागाया लागतं."

अंबिकाने अंगणात उडालेली करंदी वेचून सुपात टाकली. 

"जा तू. मी बघतंय," द्वारका म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

याचा अर्थ हो की नाही, हे अंबिकाला रात्रभर उमगलं नाही.

शनिवारी दहा वाजता ती बसस्टॉपवर उभी राहिली. द्वारकाची वाट बघत तिने दोन बस सोडल्या. साडेदहा झाले. तिसरी बस येताना दिसली तेव्हा एक रिक्षा तिच्यापाशी थांबली. आत द्वारका ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून बसली होती. "बस गो. भूपेश अंघोळीला गेलाय."

हेमालीबेनने घरपट्टीची पावती उघडली आणि चष्मा वर केला. "यामध्ये तो गोठा लिहिलाय."

 तिने द्वारकाकडे पाहिलं. आता ही काहीतरी खोटं सांगेल आणि सगळं बुडेल, असं तिला वाटलं.

"गोठाच व्हता," द्वारका म्हणाली. "गुरा इकली. आता तेच्यान मानसा रेतान."

हेमालीबेनच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. "बेन, मी गोठ्याचा भाडा कैसे देऊ? ट्रस्टी लोग मला विचारतील. पालिकेत नोंद बदलायचा अर्ज करा. शिक्का मारलेली कॉपी आणा. एक वाजेपर्यंत बसते मी."

सव्वाअकरा झाले होते. बाहेर आल्यावर अंबिका म्हणाली, "काकी, अर्ज केला तर तुमची घरपट्टी वाढेल. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजेन."

द्वारकाने पावती घडी घालून पिशवीत ठेवली.  

"एक दिस वाढनारच हाय," ती म्हणाली. "चल."

पालिकेत चंपाच्या खिडकीसमोर रांग होती. पुढच्या माणसाचं कसल्यातरी दंडावरून भांडण चाललं होतं. बारा वाजले. सव्वाबारा. अंबिकाने आयुष्यात पहिल्यांदा रांग मोडली. "दादा, मला एक वाजता पोचायचंय, नाहीतर संध्याकाळी आम्ही रस्त्यावर," ती मोठ्याने म्हणाली. सगळे वळून बघायला लागले, आणि भांडणारा माणूस मुकाट्याने सरकला. चंपाने अर्ज स्वतः लिहिला. द्वारकाने अंगठा उठवला. शिक्का पडला.

हेमालीबेन टेबल आवरत होती तेव्हा दोघी आत शिरल्या. तिने कॉपी वाचली, अंबिकाने लिहून दिलेल्या मालकाच्या पत्रावर दुसरा अंगठा घेतला आणि चेकबुक काढलं. नाव लिहिताना मोठ्याने उच्चारलं, "द्वारका बाळाराम पाटील. बरोबर?" द्वारकाने चेक हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. "माझाच नाव हाय ना?" तिने अंबिकाला हळूच विचारलं.

भूपेशने त्या संध्याकाळी घरात आरडाओरड केली, ती चारही खोल्यांत ऐकू आली. रविवारी दहा वाजता नव्या पार्टीचा टेम्पो खरंच आला. कपाट, गॅस, दोन मुलं. द्वारका शेवटच्या खोलीच्या पायरीवर बसून होती. भूपेश तिच्यासमोर उभा राहिला. "आई, ऊठ."

"त्यांचा ॲडव्हान्स परत दे."

"खर्च झालाय."

"मग मोटारसायकल इक."

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं नव्हतं. आत दाराला टेकून अंबिका उभी होती, पिंकीचं तोंड स्वतःच्या पोटाशी दाबून. मग त्या माणसानेच, ज्याचं सामान होतं त्याने, भूपेशला बाजूला नेलं. दोघं ॲडव्हान्सवरून तावातावाने काहीतरी बोलले. थोड्या वेळाने टेम्पो वळून गेला.

पंढरीनाथ मे महिन्यात पट्टा बांधून घरी आला आणि पावसाळ्यानंतर भाईंदरला एका वकिलाकडे टायपिंगला लागला. घरपट्टी वाढली, तेव्हा द्वारकाने चारही खोल्यांचं भाडं वीस रुपयांनी चढवलं. अंबिकालाही सूट नाही. अंबिका कुरकुरली, पण दर महिन्याला भाडं मागच्या घरात नेऊन द्वारकाच्या हातात द्यायला लागली, आणि पावतीही मागून घ्यायची. भूपेश सहा महिने आईशी बोलला नाही. अंबिकाशी तर तो पुढे कधीच बोलला नाही. समोरून आली की मान वळवायचा. त्याचं तिला वाईट वाटायचं, कारण पाच वर्षांपूर्वी खोली दाखवताना त्यानेच तिची ट्रंक डोक्यावर उचलून आणली होती.