दहाव्याची मिसळ

तोंडात पावाचा मोठा घास होता, हनुवटीवर रस्सा ओघळला होता आणि मी दुसरी लिंबाची फोड पिळत होते, तेवढ्यात हॉटेलच्या दारात माझा थोरला भाचा येऊन उभा राहिला. डोकं ताजं भादरलेलं, खांद्यावर ओला पंचा, पायांना घाटावरची माती. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ताटलीकडे बघितलं.

"आत्ती, तिकडं आबाच्या पिंडाला कावळा शिवंना. समदी तुला हुडकत्यात. आन् तू हितं मिसळ खातीस व्हय?"

हॉटेलातल्या चारही टेबलांवरच्या माना वळल्या. गल्ल्यावरच्या मालकानं पंख्याचं बटण उगाच चाचपलं.

आबा म्हणजे या पोराचा बाप, माझा थोरला भाऊ. त्या दिवशी त्याचा दहावा होता. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली नाही असं समजायचं, आणि तोवर आपल्या माणसांनी अन्नपाण्याला हात लावायचा नाही. ही रीत मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या नात्यात रीतभात मलाच विचारतात. शाळा चौथीपर्यंत झाली, पण सुतक कुणाला किती दिवस, कुणी कुठल्या दिवशी यायचं, काय आणायचं, सगळं मला तोंडपाठ. त्याच सकाळी आठ वाजता घाटावर दोन भाच्यांनी चहाची चौकशी केली, तेव्हा चारचौघांत मी म्हणाले होते, "दहाव्याला आलाय का हुरड्याला?" पोरी बिचाऱ्या मागे जाऊन बसल्या.

माझं असं झालं, की बावड्याहून पहिल्या गाडीनं निघायचं म्हणून पहाटे साखरेच्या दुखण्याची गोळी घेतली आणि पोटात काही घातलं नाही. वाटलं, नऊपर्यंत उरकेल. पण बारामतीचा दहावा नऊला उरकत नाही. आधी प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं. एक पुढारी झाला की दुसरा. एकानं सांगितलं की आबा मितभाषी होता. आबा बोलायला लागला की आमची गाडी चुकायची. दुसऱ्यानं त्याला कुस्तीगीर केलं. साडेदहाला कुठे पिंड ठेवले. कावळे बाभळीवर बसले होते, पण एक खाली उतरेना. थोरल्या भाच्यानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. मग सांगितलं, बहिणींना अंतर देणार नाही. धाकट्यानं सांगितलं, तंबाखू सोडतो. कावळा ढिम्म. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. बायकांना सांगितलं, पाय मोकळे करून येते, आणि रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात शिरले.

आता खरं सांगायचं तर अंधारीला वाटीभर साखर पुरली असती. मी पोहे मागितले. मालक म्हणाला, अकरा वाजून गेलेत, पोहे संपले, मिसळ हाय. मी म्हटलं, आण. पहिल्या दोन घासांत अंधारी गेली. तिथून पुढचं जे खाल्लं ते आजारपण नव्हतं. मटकी मऊ होती, रस्सा असा की नाक वाहायला लागलं. वरचा रस्सा मी दोनदा मागून घेतला. पावाची दुसरी जोडी मागवली. चाळीस-पन्नास वर्षांत हॉटेलात एकटी बसून मी काही खाल्लं नव्हतं आणि सुरुवात करायला मला भावाचा दहावा सापडला.

तर भाचा दारात आणि मी अशी. त्याला म्हणायचं होतं, साखर उतरली बाबा. ते खरं होतं आणि कुणी काही बोललंही नसतं. पण समोर पावाची दुसरी जोडी अर्धी संपलेली होती, आणि हुरड्याचं बोलणं अजून सगळ्यांच्या कानात असणार. मी पदरानं हनुवटी पुसली आणि म्हणाले, "आबाचा जीव मिसळीत अडकलाय. म्हणून बघाया आले, चांगली हाय का."

भाचा गोंधळला. म्हणाला, आबाला तर तिखट चालत नव्हतं, पोटात अल्सर होता, जन्मात कधी मिसळ खाल्ली नाही त्यानं.

"मग इच्छा ऱ्हायली ती कशानं ऱ्हायली?"

त्यानं ताबडतोब एक ताजी मिसळ मागवली. मालकानं हे सगळं ऐकलं होतं. त्यानं स्वतः उठून ताटली भरली, फरसाण जास्त घातलं आणि दोन्ही हातांनी दिली. मी मागून निघाले. दाढेत फरसाण अडकलं होतं, ते जिभेनं काढत काढत मी भावाच्या पिंडापाशी पोचले.

गुरुजींनी कांद्याला हरकत घेतली. मग धाकट्या भाच्यानं बसून कांद्याचा एकेक तुकडा वेचून बाजूला काढला. दीडशे माणसं बघत होती. ताटली ठेवली, सगळे मागे सरले. कावळा नाही उतरला तर म्हातारीनं काहीतरीच सांगितलं असं होणार होतं. उतरला तर काय होणार, हा विचार मी केलाच नव्हता.

एक उतरला. पावाचा तुकडा उचलला आणि गेला. त्या घाटावर रोज कुणाचा ना कुणाचा दहावा असतो, कावळ्यांना भाताचा वीट आला असेल. पण लोकांनी हात जोडले. एक बाई माझ्या पाया पडली. म्हणाली, भावाच्या मनातलं बहिणीलाच कळतं. मी तोंड मिटून मान हलवली. तोंड उघडलं असतं तर रश्श्याचा वास आला असता.

आबाच्या घरी आल्यावर पंगत बसली. मी जेवले नाही. लोकांना वाटलं, दुःखानं. वहिनीही जेवली नाही. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मला बघितल्यावर तिनं दार लोटून घ्यायला सांगितलं.

माझी भावजय फार बोलत नाही. आबाचं पोट लग्नाआधीपासूनच बिघडलेलं, म्हणून ती लग्न होऊन आल्यापासून रोज दोन कालवणं करायची. आधी लहान पातेल्यात आबाचं, बिनमिरचीचं. मग मोठ्या पातेल्यात घरादाराचं. लग्नाकार्याला गेली तरी पिशवीत त्याचा डबा असायचा. मी त्यावरून तिला कितीदा चिडवलं होतं, की नवऱ्याला अजून बाळाचं जेवण भरवतेस.

ती म्हणाली, "वन्सं, तुमाला कदी म्हणलं हुतं त्यांनी?"

मी विचारलं, काय.

"मिसळीचं. मला कदी म्हणलं न्हाईत. मी अठ्ठेचाळीस वर्सं बेचव घातलं त्यांच्या पुढ्यात. त्यांना काय खावंसं वाटत हुतं ते मला म्हाईतच न्हवतं."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हिशेब लावत असल्यासारखी बोटांकडे बघत होती. मला वाटलं, सांगावं की आबा एकदा गमतीत म्हणाला होता. एक वाक्य आणखी, काय बिघडतं? सकाळपासून चांगलं जमत होतं मला. खरं सांगितलं तर दहाव्याला खोटं बोललेली म्हातारी म्हणून माझं नाव बारामतीपासून इंदापूरपर्यंत होणार, आणि ते मीच इतरांचं अनेकदा केलेलं असल्यामुळे मला त्याचा वेग माहीत होता. पण मी गप्प राहिले असते तर ही बाई उरलेलं आयुष्य त्या लहान पातेल्याकडे बघून झुरली असती.

"वहिनी," मी म्हणाले, "आबाला मिसळ नगं हुती. भूक मला लागली हुती."

मग मी सगळं सांगितलं. गोळी, अंधारी, पुढाऱ्यांची भाषणं, दोनदा मागितलेला रस्सा.

मग तिनं विचारलं, "पाव किती खाल्लं?"

"तीन. चवथा ताटलीत हुता."

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. बाहेरच्या बायकांना वाटलं, आता कुठं मोकळी होऊन रडतेय, आणि दोघीजणी पाण्याचा तांब्या घेऊन आत आल्या. मी त्यांना हातानं थांबवलं, रडू द्या तिला, म्हणाले. त्या डोळे पुसत परत गेल्या. वहिनीनं मग चेहरा पुसला आणि स्वतःहून ताट मागितलं. भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाली, पोरांना सांगू नका, त्यांच्या जिवाला समाधान हाय.

पोरांचं समाधान असं, की वर्षश्राद्धाला आबाच्या पानात त्यांनी मिसळ वाढली. कांदा आधीच काढलेला. वहिनीनं काही न बोलता शेजारी बिनमिरचीच्या कालवणाची वाटी ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींनाही पदर पुरला नसता.

आता मी हे लिहिते आहे ते तिला विचारून. ती म्हणाली, लिहा, पोरं कुठं वाचत्यात. धाकट्यानं तंबाखू मात्र सोडलेली नाही.

त्या खोलीत दार लोटून आम्ही दोघीच होतो, भावजय आणि मी. ती बारामतीत असते, मी बावड्यात. दोघी अजून आहोत, कुणाला खरं-खोटं करायचं असेल तर येऊन विचारा.