चांगल्या डोळ्यावरची पट्टी

गल्लीतले सगळे तिला शिलाईवाली ताई म्हणत. गिऱ्हाइकानं माप चुकीचं सांगितलं, तरी ती कधी वाद घालत बसायची नाही. मुकाट्यानं दुरुस्त करून शिवायची. आजवर एकही झगा परत आला नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की तिच्या पोरीचा डावा डोळा अधू आहे, तेव्हा उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी बांधा. ताईला वाटलं, एवढ्या गर्दीत बाई बोलायला चुकल्या असतील. विसावा तर अधू डोळ्याला हवा! सासूबाईंनी टोकलंसुद्धा, की शिकलेल्या बाईचं ऐकावं. त्यावर, त्या डॉक्टरीणबाईंनी कधी पोर सांभाळलंय का, असं म्हणून ताईनं मऊ कापडाची पट्टी शिवली आणि डाव्या डोळ्यावर बांधली. पोर खुशाल खेळायची.

आज तपासणीच्या खोलीत डाव्या डोळ्यानं पोरीला तक्त्यावरचं फक्त सगळ्यात वरचं, मोठं चित्र ओळखता आलं. मागच्या खेपेला तिनं दोन ओळी ओळखल्या होत्या. पट्टी लावताना रडते का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ताईनं कौतुकानं सांगितलं, की कधीच नाही. लिहिता लिहिता बाईंचा हात थांबला. पट्टी कशी बांधता ते दाखवा, म्हणाल्या.

ताईनं डाव्या डोळ्यावर बांधून दाखवली.

बाईंनी समजावलं, की हा डावा डोळा आळसावलाय. चांगला डोळा झाकला, तरच हा कामाला लागतो. ताईनं पट्टी सोडून हातात घेतली.

"म्हणजे मीच तिला आंधळी केली?"

"अजून नाही. पाचच वर्षांची आहे, वेळ हातात आहे. पण आता रोज सहा तास. ती रडेल, ओढून काढेल. तुम्ही सोडायची नाही."

बाहेरच्या बाकावरच ताईनं पट्टी उजव्या डोळ्यावर बांधली. गाठ दोनदा सुटली. हात पुढे करून पोरीनं आईचा पदर चाचपला, मग गळा, मग हनुवटी.

"आई, तुझं तोंड कुठं गेलं?"

ताईचा हात गाठीकडे गेला. तो तिनं दुसऱ्या हातानं धरून मांडीवर दाबून ठेवला.

"इथंच आहे गं. नीट बघ," ती म्हणाली, आणि पोर रडायला लागली तरी हात तसाच दाबून बसून राहिली.